पाण्याची पाळी फोनवर दिसेना, तर काय कराल?



चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमुळे आपल्या खेड तालुक्यातल्या पुष्कळ घरांत आता दोन पाळ्या सांभाळाव्या लागतात. एक मुलाची कंपनीतली आणि दुसरी शेतातल्या पाण्याची. चासकमानच्या कालव्याचं आवर्तन, शेतीपंपाच्या विजेची वेळ, शनिवारचा चाकणचा बाजार, हे सारं मुलगा संगणकावर गुगल कॅलेंडरात लिहितो आणि वडील ते फोनवर पाहतात. सोय चांगली आहे. पण समजा, मुलानं "रात्री १० वाजता मोटर" असं लिहिलं आणि वडिलांच्या फोनवर ते आलंच नाही, तर? वीज येऊन जाते, कांदा तहानलेला राहतो आणि घरात नाहक बोलाचाली होते.

असं का होतं? सातबाऱ्याचंच बघा. मूळ नोंद सरकारी दप्तरात असते, आपल्या हाती असते ती नक्कल. फेरफार झाला तरी जुन्या नकलेवर तो दिसत नाही. कॅलेंडरचंही मूळ दप्तर इंटरनेटवर असतं. फोन आणि संगणक नुसत्या नकला दाखवतात. नक्कल ताजी होण्यालाच सिंक म्हणतात. म्हणून पुढील क्रमानं तपासा.

१. आधी मूळ पाहा. संगणकावर ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडा. तिथं नोंद असेल तर दोष पाहणाऱ्याच्या फोनकडे. नसेल तर ती लिहितानाच चुकली आहे.

२. खातं तपासा. एका फोनवर दोन-दोन खाती असतात. नोंद सामायिक कॅलेंडरातच करा. नुसती फोनच्या मेमरीत केलेली नोंद दुसऱ्याला दिसत नाही.

३. फोनवर इंटरनेट आणि सिंक चालू आहे ना? कॅलेंडरच्या यादीत त्या नावापुढं खूण आहे ना? बॅटरी सेव्हर बंद करून पाहा.

४. परवानगी पाहा. मुलानं पाठवलेल्या ई-मेलमधला दुवा वडिलांनी एकदा दाबावा लागतो. नुसतं पाहण्याची परवानगी असेल तर वडिलांना बदल करता येणार नाही.

५. वेळ पाहा. तारीख-वेळ आपोआप ठेवा, भारतीय प्रमाणवेळ निवडा. वेळेचा विभाग चुकून ग्रिनिचचा राहिला, तर रात्री १० ची नोंद दुपारी ४.३० ला दिसते.

६. आठवणीची घंटा ज्यानं-त्यानं आपल्या फोनवर लावावी. एकाची दुसऱ्याला वाजत नाही.

सावधान! नोंदी दिसत नाहीत म्हणून घाईनं ॲपचा डेटा पुसू नका. मुळात न पोचलेल्या नोंदी कायमच्या जातील. त्या आधी कागदावर उतरवा.

आणि एक ध्यानात ठेवा. आवर्तन पुढं ढकललं, विजेची वेळ बदलली, तर कॅलेंडरला ते आपोआप कळत नाही. बदल कळताच नोंद दुरुस्त करा आणि पाण्याची पाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरही लिहून ठेवा.