लेखांक 6 : दुखणे उंबरगावचे, दावा पालघरचा

पालघर जिल्ह्यातल्या डहाणूच्या जमिनीला 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेचे कवच आहे. तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि अतिप्रदूषक कारखान्यांना दार बंद झाले. माणसांना हे कवच नाही. डहाणू-घोलवडहून सकाळच्या गाडीने, तलासरीतून जीपने, माणसे उंबरगाव, सरीगाम, वापीच्या वसाहतींत कामाला जातात. उंबरगाव 1960 पर्यंत डहाणूसारखेच ठाणे जिल्ह्यात होते. आज मध्ये राज्याची सीमा आहे, आणि आजारी कामगाराला भीती घालायला तीच वापरली जाते: केस गुजरातची, तिकडे कोण खेटे घालणार? मग ठेकेदार हातावर काही हजार ठेवतो, स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतो आणि सांगतो, मिटले.

मिटलेले नसते.

कामगार नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा केंद्राचा, पण दावा ऐकणारा आयुक्त राज्य सरकार नेमते. 1995 च्या दुरुस्तीनंतर कामगार जिथे राहतो तिथल्या आयुक्ताकडेही अर्ज करता येतो. इथला आयुक्त तिकडच्या आयुक्ताला आणि सरकारला नोटीस देतो. तलासरीच्या माणसाला तिकडे, गुजरातेत वलसाडला जावे लागत नाही. हा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. रचना तीच राहिली, आणि त्याआधी जडलेल्या आजाराचे दावे जुन्याच कायद्याने चालतील.

शिसे, पारा, क्रोमियम, बेन्झिन यांचे विकार कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. या पदार्थांच्या कामात एकाच मालकाकडे सलग सहा महिने काढले असतील, तर आजार कामानेच झाला असे गृहीत धरतात. तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिसही अनुसूचीत आहे. तो बऱ्याचदा क्षय समजला जातो, म्हणून डॉक्टरांना आपण काय काम करतो ते आधी सांगावे. ही यादी राज्य सरकारही वाढवू शकते. राजस्थानने तर या कायद्याबाहेर, 2019 च्या धोरणात सिलिकोसिसच्या रुग्णाला तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये ठरवून दिले.

आता तो अंगठा. तीस वर्षांच्या, महिना 12,000 रुपये मजुरीच्या कामगाराला कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर जुन्या कायद्याचा हिशेब असा: मजुरीचे साठ टक्के म्हणजे 7,200, गुणिले वयाचा गुणक 207.98. रक्कम होते 14,97,456 रुपये. मृत्यू झाला तर पन्नास टक्क्यांनी 12,47,880. या आकड्यांपुढे ठेकेदाराचे हजार ठेवून पाहा.

तडजोड करायला कायद्याची ना नाही. पण तिचा कागद आयुक्ताकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव, फसवणूक दिसली, तर आयुक्त नोंद नाकारू शकतो. मालकाने कागद पाठवलाच नाही, तर पूर्ण भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहते आणि आधी दिलेल्या पैशांतून एरवी निम्म्याहून जास्त वजावट त्याला मिळत नाही. हक्क सोडल्याचा करार मुळातच रद्दबातल. मृत्यूची भरपाईही आयुक्ताकडेच जमा करायची असते. घरी येऊन विधवेच्या हाती दिलेली रक्कम, ठरावीक आगाऊ सोडली तर, भरपाई धरली जात नाही. ठेकेदाराचा माणूस असला, तरी त्याच्याकडून आपले नेहमीचे काम करून घेणारा मूळ मालकही जबाबदार असतो. ही कलमे वाचताना मला वाटते, कायदा करणाऱ्यांनी हा स्टॅम्पपेपर आधीच पाहिला होता.

कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर मात्र दावा ईएसआयकडे जातो, आयुक्ताकडे नाही. पगारातून ती कपात होते का, हे आधी पाहावे.

मुदत दोन वर्षांची. आजारपणात ती सलग गैरहजेरीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. उशिराला सबळ कारण असेल, तर आयुक्त तो माफ करू शकतो. तुमच्या पाड्यावर कोणी खोकत घरी बसले असेल, तर त्याचे हजेरी कार्ड, गेटपास, पगाराची चिठ्ठी आणि एक्स-रे एका पिशवीत घालून जपून ठेवा. अंगठा देण्याआधी तो कागद कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि अंगठा दिलेला असेल, तरीही अर्ज करा.