छावणीतलं बाळ आणि परदेशातलं बाळसं

'बाळसं' या शब्दाला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नाही. बाळाने बाळसं धरलं की आजी कौतुक करते आणि लगेच मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढते. त्यात वावगं काय? ज्या समाजाने दुष्काळ पाहिले, साथी पाहिल्या, त्याला अंगावर मांस असलेलं मूल म्हणजे जगलेलं मूल वाटणारच. हीच समजूत उराशी घेऊन आलेला एक समाज इथे अमेरिकेत आपल्या शेजारी राहतो आहे. कोलंबस, पिट्सबर्ग, हॅरिसबर्ग या भागांतल्या मंडळींनी त्यांना किराणा दुकानात नक्की पाहिलं असेल. डाळ-तांदळाच्या त्याच पिशव्या, तीच देवनागरी अक्षरं. आपण त्यांना सरसकट नेपाळी म्हणून मोकळे होतो. पण त्यांतले बरेचसे भूतानचे निर्वासित आहेत.

भूतानच्या दक्षिणेकडचे हे नेपाळीभाषक लोक १९९० च्या सुमारास देशाबाहेर घालवले गेले. पूर्व नेपाळातल्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत त्यांच्यासाठी सात छावण्या उभ्या राहिल्या. बांबूच्या झोपड्या, एक लाखाहून अधिक माणसं, आणि जवळजवळ वीस वर्षं तोच शिधा : तांदूळ, डाळ, तेल, साखर, मीठ. दूध, अंडी, मांस ज्याला परवडेल त्याला. पोट भरत होतं, नाही असं नाही. २००७ साली तिथल्या लहान मुलांची तपासणी झाली तेव्हा अगदी वाळलेली मुलं थोडीच निघाली. पण चारांत एकाहून अधिक मूल वयाच्या मानाने बुटकं भरलं, आणि सुमारे ४३ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे भूक होती, पण ती लपलेली.

२००७-०८ पासून यांतले लाखाहून अधिक लोक आठ देशांत वसवले गेले, त्यांतले बहुतेक अमेरिकेत. आल्यावर त्यांच्यात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता इतकी आढळली की इथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ मध्ये त्यावर अहवाल काढला. (आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनीही या वाक्यापाशी जरा थांबावं. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर तिच्या दुधातही ते कमीच उतरतं.)

आता गंमत पाहा. छावणीतून आलेल्या निर्वासित मुलांची चिंता 'खुरटलेली' म्हणून करावी लागते, आणि इथे काही वर्षं काढली की त्यांच्यातल्याच कित्येकांची चिंता 'लठ्ठ' म्हणून. वरवर पाहता हे उलट वाटतं. खरं तर एकाच धाग्याची ती दोन टोकं आहेत.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं आणि मोठी उपासमार झाली. त्या काळात जन्मलेले मुलगे एकोणीस वर्षांचे झाल्यावर सैन्यभरतीला आले. अशा तीन लाख तरुणांच्या नोंदी तपासून १९७६ मध्ये एक निबंध छापून आला. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात ज्यांच्या आया उपाशी होत्या, त्यांच्यात लठ्ठपणा अधिक निघाला. ज्यांना शेवटचे महिने आणि जन्मानंतरचे पहिले महिने उपास घडला, त्यांच्यात कमी. उपासमार झाली एवढंच नव्हे, केव्हा झाली यालाही महत्त्व आहे.

दुसरा पुरावा तर आपल्या घरचा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ टिकून! दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. अशा बाळाला पहिल्या दोन वर्षांत भराभर वजन चढलं आणि उंची मागे राहिली, तर ते वजन स्नायूंत कमी आणि चरबीत जास्त जाण्याचा धोका असतो. पुढे मधुमेहाची वाट तिथून निघते.

इथे आल्यावर नेमकं हेच घडायला सगळं अनुकूल असतं. आई कारखान्यात नाहीतर गोदामात रात्रपाळीला. अंगावरचं दूध लवकर सुटतं. बाळ आजीच्या स्वाधीन आणि आजीच्या हाती बाटली. डब्यावरचं गुटगुटीत बाळ तिला पसंत असतंच. रडलं की बाटली, झोपेना की बाटली, दोन वर्षांचं झालं तरी बाटली, आणि त्यात कधी फळांचा रस. रस म्हणजे फळ, फळ म्हणजे पौष्टिक, असा साधा हिशेब. सरकारच्या 'विक' योजनेत २००९ पर्यंत तान्ह्या बाळांसाठीही रस मिळत असे, मग आजीला दोष काय द्यायचा! २०१७ पासून इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की वर्षाच्या आत रस मुळीच देऊ नये.

दवाखान्यात वाढीचा तक्ता दाखवतात, तिथेही घोटाळा होतो. निर्वासितांच्या कागदांवर '१ जानेवारी' ही जन्मतारीख वारंवार दिसते, कारण खरी नोंद नसते. (आपल्याकडे शाळामास्तरांनी '१ जून' लावलेली एक पिढीच आहे की नाही?) वय चुकलं की वयावरून काढलेली उंची आणि वजन दोन्ही चुकतात. अशा वेळी उंचीच्या मानाने वजन पाहणं बरं. तिथे वय लागत नाही.

काही सेवाभावी मंडळी निर्वासितांच्या घरी जाऊन 'बाळाला कमी द्या' असं सांगून येतात. आम्हांला हे पटत नाही. उपाशी राहिलेल्या माणसाला 'कमी' हा शब्द कसा लागत असेल! आणि तान्ह्या बाळाचं खाणं कमी करणं हा उपायही नव्हे; त्याची उंची वाढेल असं खाणं हवं. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, बाटलीचं दूध कालवायचं तर डब्यातल्या चमच्याचंच माप, वर्षाचं होता होता बाटलीऐवजी पेला, आणि आईच्या रक्ताची तपासणी. यांतल्या बऱ्याच जणांना हिंदी समजतं. दवाखान्यात बसून समजावून सांगायला एक मराठी काकू पुरेशी आहे.

आणि खाऊ तर त्यांच्याकडेच आहे. नेपाळात 'सर्वोत्तम पिठो' करतात : दोन वाट्या सोयाबीन, एक वाटी मका, एक वाटी गहू, सगळं वेगवेगळं खमंग भाजून, दळून, बाळासाठी लापशी. इथे सुपरमार्केटच्या फळीवर हे सहसा दिसत नाही. घरी करावं लागतं. आपल्या मिक्सरवर दोन खेपांत छान बारीक होतं, फक्त मका आधी नीट फुटू द्यावा.