कापरेकर स्थिरांक, दहा अंकी

एखाद्या संख्येतील अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा केली असता मूळ संख्याच पुन्हा मिळत असेल, तर तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात. दहा अंकी संख्यांत असे तीन स्थिरांक आहेत : ६३३३१७६६६४, ९७५३०८६४२१ व ९९७५०८४२०१. त्यांपैकी ९७५३०८६४२१ ही संख्या विशेष लक्षणीय आहे. कारण तीत ० ते ९ हे सर्व अंक प्रत्येकी एकदाच येतात.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांचा जन्म डहाणू येथे झाला. नासिकजवळील देवळाली येथे ते शाळेत शिक्षक होते. या क्रियेतून मिळणारा ६१७४ हा चार अंकी स्थिरांक त्यांनी १९४६ मध्ये शोधून काढला व १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधील लेखामुळे तो जगभर परिचित झाला.

गुणधर्म : ९७५३०८६४२१ मधील अंक उतरत्या क्रमाने मांडल्यास ९८७६५४३२१० व चढत्या क्रमाने मांडल्यास ०१२३४५६७८९ या संख्या मिळतात. त्यांची वजाबाकी ९७५३०८६४२१ हीच येते. तिची घडण पुढीलप्रमाणे स्पष्ट होते. दोन्ही टोकांकडून अंकांच्या जोड्या घेतल्यास त्यांतील फरक ९, ७, ५, ३ व १ असे येतात. हातच्यामुळे शेवटचा १ एकाने कमी होऊन पूर्वार्ध ९७५३० होतो. उत्तरार्धात ९−१, ९−३, ९−५, ९−७ व १०−९ म्हणजे ८६४२१ हे अंक येतात. सर्व अंक एकेकदा असलेल्या दहा अंकी संख्या ९ × ९! म्हणजे ३२,६५,९२० आहेत. त्या सर्वांपासून पहिल्याच वजाबाकीत हा स्थिरांक मिळतो.

वजाबाकीतील दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज समान असल्याने उत्तराला ९ ने निःशेष भाग जातो. प्रस्तुत संख्येला २७ व १३ यांनीही भाग जातो (२७ × १३ × २७७८६५७१). ८१ ने मात्र जात नाही.

चार अंकी संख्यांशी तुलना : सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचते, तीन अंकी संख्या ४९५ ला पोहोचतात. यावरून प्रत्येक अंकसंख्येसाठी असा एकच स्थिरांक असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते खरे नाही. पाच अंकी संख्यांत स्थिरांकच नाही. दहा अंकी संख्यांत तीन स्थिरांक असून शिवाय चक्रेही आढळतात. उदा., ८६५५२६४४३२ पासून ६४३१०८८६५४, त्यापासून ८७३२०८७६२२ व त्यापासून पुन्हा ८६५५२६४४३२ ही संख्या मिळते. अशा संख्या कोणत्याही स्थिरांकाला पोहोचत नाहीत. लहान संख्यांत आढळलेला नियम मोठ्या संख्यांना लागू करण्यापूर्वी त्याची स्वतंत्र सिद्धता द्यावी लागते, हे यावरून दिसून येते.