जागल्याएवढे सरकार

जुन्या गावगाड्यात जागल्याचे काम ठरलेले असे. रात्री गस्त घालायची, चोराची चाहूल लागली की गाव जागे करायचे. कोणाच्या चुलीवर काय शिजते आणि कोण आपला माल कुठे विकतो, हे बघणे त्याच्याकडे नव्हते. (ते बघायला जातपंचायत होती. तिच्याकडे नंतर वळू.) सरकारही जागल्याएवढेच असावे, या कल्पनेची १८६२ मध्ये जर्मन समाजवादी नेते फर्डिनांड लासाल यांनी ‘रात्रीच्या पहारेकऱ्याचे राज्य’ म्हणून टिंगल केली. पुढे ज्यांची टिंगल झाली त्यांनीच तो शब्द उचलला. अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मधल्या आपल्या ग्रंथात अशाच पहारेकरी राज्याचे समर्थन केले. लिबर्टेरियन विचाराची चर्चा आज बहुतेक वेळा या ग्रंथाशी येऊन ठेपते.

मराठीत या विचाराला कोणी स्वातंत्र्यवाद म्हणतात, कोणी उदारमतवाद. टीव्हीवरच्या भांडणांत ‘लिबरल’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने फेकला जातो, त्यामुळे गोंधळात भर पडते. अमेरिकेत विसाव्या शतकात ‘लिबरल’ म्हणजे सरकारी योजनांचा पुरस्कर्ता असा अर्थ रूढ झाला आणि जुन्या वळणाच्या उदारमतवाद्यांना स्वतःसाठी दुसरे नाव शोधावे लागले. त्यांनी घेतलेले ‘लिबर्टेरियन’ हे नावही उसनेच होते. १८५७ मध्ये राजकीय अर्थाने ते वापरणारे जोसेफ देजाक हे फ्रेंच अराज्यवादी होते आणि खासगी मालमत्तेचे कट्टर विरोधक.

या विचाराबद्दलचा पहिला गैरसमज सगळ्यांत सोपा: या लोकांना सरकारच नको असते. तसे म्हणणारे आहेत. मरे रोथबार्ड यांना पोलीस आणि न्यायालयेही बाजारावर सोपवायची होती. पण त्यांना या परंपरेतच टोकाचे मानतात. बाकीच्यांची यादी ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये दिलेल्या यादीच्या आसपास राहते: देशाचे संरक्षण, न्यायदान आणि कोणा एका व्यापाऱ्याला परवडणार नाहीत अशी सार्वजनिक कामे. आपल्या न्यायालयांत काही कोटी खटले तुंबलेले असताना सरकारने हॉटेले चालवावीत का, पाव भाजावेत का, हा प्रश्न त्यांचा आहे. जागल्याने दिवसा दुकान मांडले तर रात्री त्याचा डोळा लागणारच.

दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे. हे शेठजींचे तत्त्वज्ञान, असे छातीठोकपणे सांगितले जाते. शेठजींचे स्वतःचे वागणे मात्र याला साक्ष देत नाही.

१९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा बड्या उद्योगपतींनी स्वतंत्र भारतासाठी आर्थिक आराखडा मांडला. ‘बॉम्बे प्लॅन’ म्हणून तो ओळखला जातो. त्यात नियोजन होते, सरकारी गुंतवणूक होती, देशी उद्योगांना संरक्षणही होते. पुढे १९९१ चे उदारीकरण आले, तेव्हा १९९३ मध्ये ‘बॉम्बे क्लब’ नावाने ओळखले गेलेले उद्योगपती परदेशी स्पर्धेपुढे आधी आम्हाला सावरू द्या म्हणत पुढे झाले. परवाना-परमिटचे राज्य जाचक खरे, पण ज्याच्या हाती परवाना होता त्याच्यासाठी तो दाराला लावलेला अडसरही होता. बाहेरचा आत येत नसे. बॉम्बे प्लॅनवर सही करणारे ए. डी. श्रॉफ यांना हे बहुधा लवकर उमगले असावे. त्यांनी १९५६ मध्ये मुंबईत ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’ काढले.

अमेरिकेचा अनुभवही असाच आहे. तिथे एक सरकारी मंडळ विमान कंपन्यांचे मार्ग आणि भाडी ठरवत असे. १९३८ पासून चाळीस वर्षे त्याने लांब पल्ल्याच्या मुख्य मार्गांवर एकाही नव्या कंपनीला प्रवेश दिला नाही. १९७८ मध्ये हे नियंत्रण उठवायचा कायदा आला तेव्हा मोडता घालणाऱ्यांत बहुतेक बड्या विमान कंपन्याच होत्या. २००८ मध्ये बुडत्या बँकांना सरकारी तिजोरीतून वाचवायला विरोध करणाऱ्यांतही लिबर्टेरियन पुढे होते. व्यापारी एकत्र जमले की गिऱ्हाइकाविरुद्ध काहीतरी शिजते, ही शंका तर ॲडम स्मिथ यांनीच घेऊन ठेवली आहे.

महाराष्ट्रात हा विचार कोणी जगून पाहिला असेल, तर तो कांदा आणि कापूस पिकवणाऱ्यांनी. शेतकरी नेते शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करू लागले. हिशेब मांडता मांडता त्यांच्या लक्षात आले की शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून गरीब नाही. भाव पाडणारे धोरणच त्याला गरीब ठेवते. कांद्याला बरा भाव मिळू लागला की निर्यातबंदी येते, साखरेवर तेव्हा लेव्ही बसे. कापसाची तर तऱ्हाच न्यारी. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. पिकवणारा शेतकरी, पण विकत घेणारे एकटे सरकार. सीमेपलीकडे भाव चांगला असला तरी तिकडे कापूस नेला तर तो गुन्हा. विदर्भातल्या शेतकऱ्याला आपल्याच शेतातला माल चोरून न्यावा लागे. सरकार शेतकऱ्याला देते त्याहून जास्त भाव पाडून काढून घेते, याला जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘उणे सबसिडी’ असे नाव दिले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही तिची घोषणा अर्थशास्त्राच्या वर्गात न बसलेल्यालाही नेमकी कळत होती.

म्हणून जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावावर देशातल्या बऱ्याच शेतकरी संघटना तुटून पडल्या असताना ही संघटना मात्र खुल्या बाजाराच्या बाजूने उभी राहिली. बाजाराचे स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य, या तिच्या दोन मागण्या. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोटजवळ शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. तो या दुसऱ्या मागणीसाठी केलेला उघड कायदेभंग होता. इथे खरा वाद सुरू होतो. माझ्या शेतातला परागकण शेजारच्या शेतात गेला तर नुकसान कोणाचे आणि ते कोणी ठरवायचे? प्रदूषणापासून जैवसुरक्षेपर्यंत अशा प्रश्नांवर लिबर्टेरियन मंडळी मालमत्तेच्या हक्कांकडे आणि न्यायालयाकडे बोट दाखवतात. विरोधकांना ते अपुरे वाटते, आणि त्यात तथ्य आहे: नदी एकाच्या मालकीची नसते आणि धुराला सातबारा नसतो.

गरिबांची यांना पर्वा नाही, हे विधान निम्मेच खरे. फ्रीडरिश हायेक यांनी १९४४ मध्येच लिहिले होते की अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी देणे मुक्त समाजाला झेपते आणि ती द्यायला हरकत नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये ‘उणे आयकर’ सुचवला. ठरावीक पातळीखाली उत्पन्न असणाऱ्याने कर भरायचा नाही, उलट सरकारनेच त्याला रोख रक्कम द्यायची. नोझिक यांना मात्र हे मान्य नव्हते. श्रमाच्या कमाईवरचा कर त्यांना वेठबिगारीच्या जवळचा वाटे. तरीही आज ज्याच्याकडे जे आहे ते न्याय्यच, असे त्यांनीही म्हटलेले नाही. मालमत्ता मुळात लुटीने किंवा फसवणुकीने आली असेल तर तो अन्याय दुरुस्त झाला पाहिजे, हे त्यांच्या सिद्धान्ताचे एक कलमच आहे. जमिनींचा इतिहास पाहिला तर हे कलम किती स्फोटक आहे ते कळते. त्यांचे चाहते त्यावर फारसे बोलत नाहीत.

लिबर्टेरियन उजवे आहेत का? हायेक यांनी १९६० मध्ये आपण परंपरावादी का नाही, यावर स्वतंत्र निबंध लिहिला. अमेरिकेतली सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये थांबली, त्यामागे फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या बाजूला हेच फ्रीडमन १९७५ मध्ये हुकूमशहा पिनोशे यांच्या चिलीत सल्ला देऊन आले आणि तो डाग कायम राहिला. अर्जेंटिनात डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष झालेले हाविएर मिलेई करवत नाचवत खाती कापतात आणि अठराची नऊ मंत्रालये करतात, पण गर्भपाताचा हक्क त्यांना मान्य नाही. तत्त्वज्ञान एका चौकटीत मावते, माणसे मावत नाहीत.

आता जातपंचायतीकडे, म्हणजे सरकारबाहेरच्या सामाजिक सक्तीकडे. ‘सरकारने यात पडू नये’ म्हणणारा प्रत्येक जण लिबर्टेरियन, हा समज पुण्यातच खोटा ठरला आहे. १८९१ चे संमतिवय विधेयक मुलीचे, विवाहित मुलीचेही, संमतिवय दहावरून बारा करणार होते. परक्या सरकारने आमच्या सामाजिक रीतींत ढवळाढवळ करू नये, असे लोकमान्य टिळक म्हणत होते. कायदा हवाच म्हणणारे गोपाळ गणेश आगरकर मात्र मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झाले होते, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याच्या खुद्द प्रवर्तकांना. सरकारचा हात आखडायचा असेल तर आधी कोणाचे स्वातंत्र्य मोजायचे ते ठरवावे लागते. आगरकरांनी दहा वर्षांच्या मुलीचे मोजले.

शरद जोशींनाही टाळ्यांची फिकीर नव्हती. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवणारा आणि बायकांच्या नावावर जमीन करून देणारी ‘लक्ष्मी मुक्ती’ चळवळ चालवणारा हा माणूस २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध उभा राहिला. १८६ विरुद्ध १ अशी मते पडली. तो एक म्हणजे जोशी.

आणखी एक गोष्ट त्यांना राज्यसभेत बदलायची होती. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक अट आहे: नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा ठेवत असल्याचे आपल्या घटनेत लिहून द्यायचे. हा शब्द वगळावा म्हणून जोशींनी खासगी विधेयक आणले, पण ते मंजूर झाले नाही. खुल्या बाजारासाठी पक्ष काढू पाहणाऱ्यालाही आज समाजवादाशी निष्ठा नोंदवावीच लागते.