'मेस' शब्दाचा मूळ अर्थ व त्याचें मराठींतील स्थान

खडकवासल्याच्या जलाशयाकांठीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांचे हस्तें बसविण्यांत आली व औपचारिक उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजीं झालें. तेथील छात्रांच्या भोजनस्थानास 'मेस' म्हणतात. दोन हजारांहून अधिक छात्र तेथें एकाच वेळीं जेवूं शकतात. इकडे पुण्याच्या पेठांतून राहणारा विद्यार्थीही 'मेस लावली' असेंच म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ 'गोंधळ', व गर्दीच्या जेवणांत गोंधळ असावयाचाच म्हणून हें नांव पडलें, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

लॅटिन भाषेंत 'मित्तेरे' म्हणजे पाठविणें व 'मिस्सुस' म्हणजे पाठविलेलें. पाकगृहांतून पानावर पाठविला तो पदार्थ, या अर्थानें हा शब्द फ्रेंच भाषेच्या द्वारें इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजींत आला. इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलांत याचें उत्तम उदाहरण आहे. योसेफ मिसर देशांत आपल्या भावांस जेवूं घालतो, तेव्हां स्वतःपुढील अन्नांतून त्यांस 'मेस' पाठवितो, आणि धाकट्या बन्यामिनाची 'मेस' इतरांच्या पांचपट असते. येथें गोंधळ हा अर्थ घेऊन पाहावा, म्हणजे त्याची असंबद्धता तात्काळ ध्यानांत येईल. पंधराव्या शतकांत वाढलेल्या अन्नावरून तें एकत्र बसून खाणाऱ्या मंडळीसही हेंच नांव मिळालें. लंडनच्या कायदेशिक्षणसंस्थांत चौघांच्या गटास 'मेस' म्हणत. सैन्यांत व आरमारांत रूढ झाला तो हाच अर्थ. पातळ, कालविलेलें अन्न, मग जनावरांपुढचा कालवलेला खुराक, आणि शेवटीं एकोणिसाव्या शतकांत गोंधळ, असा दुसऱ्या फांट्याचा क्रम आहे. तात्पर्य, भोजन हा अर्थ गोंधळाहून पांच शतकांनीं वडील होय.

आतां मराठीकडे वळूं. परका शब्द स्वयंपाकघरांत शिरल्याचें हें पहिलेंच उदाहरण नव्हे. शिवकालीन अठरा कारखान्यांतील 'मुदबख' हा अरबी 'मत्बख' होय. पुढें 'पाक' या संस्कृत शब्दाच्या सादृश्यानें त्याचा 'मुदपाक' झाला, आणि तो इतका घरचा वाटूं लागला कीं त्याचें परकेपण कोणास जाणवेना. परंतु मुदपाकखाना ही अन्न शिजविण्याची जागा; 'मेस' ही खाणारांची. (यांतील 'खाना' फारसी, अर्थ घर, आपल्या 'खाणें' या क्रियापदाशीं त्याचा संबंध नाहीं.)

'खाणावळ' हा शब्द अधिक विचारणीय आहे. दळणावळ म्हणजे दळण्याची मजुरी, धुणावळ म्हणजे धुण्याची. त्याच न्यायानें खाणावळ म्हणजे खाण्याबद्दल द्यावयाचें मोल, व त्यावरून पुढें तें मोल घेऊन जेवूं घालणारें घर. शब्दाच्या बांधणींतच पैसा आहे. 'पंगत' शब्दांत ओळ आहे. आणि ओळ म्हटली कीं तींत कोणीं बसावें व कोणीं बसूं नये, हा पंक्तिभेदही आपल्याकडे आलाच. वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास पैसा द्यावा लागत नसे, पण सात घरांचे सात उंबरे मात्र ओलांडावे लागत. सहभोजी सभासदांचा समाईक खर्चाचा संघ या अर्थाचा शब्द या तिहींत नव्हता. ती जागा 'मेस' शब्दानें घेतली. म्हणून पलटणीच्या कागदांतील 'मेस' हिचें भाषांतर 'खाणावळ' असें करणें आम्हांस सदोष वाटतें. त्यानें सभासदांच्या वर्गणीचा व्यवहार दुकानदारीसारखा भासतो, आणि हिशेब वाचणारा अभ्यासक फसतो.

मराठींत मात्र या शब्दानें स्त्रीलिंग धारण केलें. खाणावळ व पंगत यांच्या शेजारास राहिल्याचा हा परिणाम असावा, असा आमचा तर्क आहे. अर्थही तसाच सरकला. पुण्यांत ज्यास मेस म्हणतात ती बहुधा मालकाची, महिन्याचे पैसे घेणारी खाणावळच असते. खऱ्या अर्थानें मेस म्हणावी ती वसतिगृहांतील मुलांनीं खर्च वांटून स्वतः चालविलेली. दोन्हींकडे न जेवलेल्या दिवसास मात्र 'खाडा' हा रोजंदारीच्या हजेरींतला जुना मराठी शब्दच चालतो, आणि महिनाअखेरीस तंटा होतो तो त्याच्यावरूनच.