थर्माकोलची गादी, मुठीत गोटा

रिओ दि जानेरोमध्ये १९७६पासून लिजिया क्लार्क ही ब्राझीलची नामवंत शिल्पकार एक वेगळंच काम करू लागली. समोर आलेल्या माणसाला ती थर्माकोलच्या मण्यांनी भरलेल्या मोठ्या गादीवर निजवायची. डोळे मिटलेले. मग त्याच्या अंगावर एकेक वस्तू ठेवायची: हवेने फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी, पाणी भरलेली पिशवी, एका अंगाला वाळू आणि दुसऱ्या अंगाला थर्माकोल भरलेली उशी, जाळीत बांधलेले दगड. कानाला शिंपला. मुठीत मात्र एक गोटा असायचा. अंग सैल सुटून भान हरपू लागलं, तर चाचपून पाहायला तेवढा टणक आधार.

या बैठका आठवड्यातून अनेकदा आणि महिनोन्‌महिने चालत. माणूस उठल्यावर काय जाणवलं ते सांगायचा, लिजिया टिपून ठेवायची. वस्तूला स्वतःचा असा अर्थ नाही, अंगाशी तिचा संबंध आला की तो येतो, असं तिचं म्हणणं. शब्दांत न मावणारी जुनी दुखणी शरीरात मुरलेली असतात आणि स्पर्शाने त्यांच्यापर्यंत पोचता येतं, हा तिचा विश्वास होता.

ही बाई कुणी हौशी नव्हती. जन्म १९२०चा, बेलो ओरिझोंचीचा. पॅरिसमध्ये फेर्नां लेजेकडे शिकलेली. १९६०च्या सुमारास तिने ‘बिशू’ नावाची शिल्पं केली. धातूचे पत्रे बिजागऱ्यांनी जोडलेले. पाहणाऱ्याने हाताने उघडायचे, मिटायचे, हवा तो आकार द्यायचा. त्यांना १९६१च्या साओ पावलो बिएनालेत पारितोषिक मिळालं. पुढे तिने कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली आणि ती पट्टी लांबीच्या दिशेने कापत जा, असं लोकांना सांगितलं. कात्री चालते तेवढा वेळ कलाकृती, नंतर उरतात त्या चिंध्या.

आणि मग अपघात झाला. मोटारीच्या अपघातात लिजियाचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हात उबदार राहावा म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली होती. एके दिवशी तिने ती ओरबाडून काढली, फुगवली, तोंड रबरबँडने बांधलं आणि वरच्या कोपऱ्यावर एक गोटा ठेवला. दोन्ही तळव्यांनी पिशवी दाबली की गोटा वर येतो, सैल सोडली की खाली रुततो. जणू काहीतरी श्वास घेतंय. १९६६ची ही ‘दगड आणि हवा’. एवढ्या कमी खर्चात झालेलं इतकं जिवंत शिल्प क्वचितच सापडेल.

१९७२ ते १९७६ ती पॅरिसमध्ये सॉर्बोनला शिकवत होती. तिथे विद्यार्थ्यांच्या घोळक्यात हे प्रयोग वाढले आणि रिओला परतल्यावर एकेका माणसासाठी नेमके झाले. लुला वांदर्ले या डॉक्टर-कलावंताने तिच्याकडून ही पद्धत शिकून घेतली आणि रिओच्याच एंजेन्यू दि देंत्रू भागातल्या मनोरुग्णालयात वापरली. ती जागाही योग्यच. विजेचे झटके द्यायला नकार देणाऱ्या डॉ. नीझे दा सिल्वेइरा यांनी १९४०च्या दशकात तिथेच रुग्णांच्या हाती रंग आणि माती दिली होती. रुग्णांच्या त्या कामांचं संग्रहालय तिथे १९५२पासून आहे.

याने माणसं बरी झाली का? लिजियाकडे वैद्यकाची पदवी नव्हती. तिच्या हाती होती ती निरीक्षणं; औषधासारखी चाचणी तिने कधी घेतली नाही. म्हणून याला उपचार म्हणताना जीभ जरा आवरलेलीच बरी.

चाचण्यांच्या वाटेने गेलेली वस्तू पाहायची तर जपानकडे वळावं लागतं. ताकानोरी शिबाता यांनी बनवलेला ‘पारो’ हा सीलच्या पिल्लासारखा पांढराशुभ्र, केसाळ यंत्रमानव. स्पर्श, उजेड, आवाज ओळखणारे सेन्सर त्याच्यात आहेत. कुरवाळलं की तो मान वळवतो, आवाज काढतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी तो अनेक देशांतल्या शुश्रूषागृहांत वापरतात. २००९मध्ये अमेरिकेने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही दिली. तरी एक फरक उरतोच. पारो आपणहून प्रतिसाद देतो आणि म्हाताऱ्या माणसांना ते हवंही असतं. लिजियाच्या पिशवीत मात्र आपल्या हाताने घातलेल्या हालचालीपलीकडे काही नाही. प्रस्तुत लेखकाला ती पिशवीच जास्त धीट वाटते.

लिजिया १९८८मध्ये गेली. तिचे ‘बिशू’ आता लिलावात प्रचंड किमतीला जातात आणि संग्रहालयांत चौथऱ्यावर बसतात. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयात २०१४मध्ये तिचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा लोकांना हाताळायला प्रतिकृती ठेवल्या होत्या. मूळ ‘बिशूं’ना हात लावायची परवानगी नव्हती.