डांबर संपते तिथून पुढे...

मनात आले, पिशवी भरली आणि गाडी काढली, अशी भटकंती अलिबाग वा दापोलीपर्यंत सहज जमते. रस्ता चुकला तरी चहाची टपरी चुकत नाही. कॅनडाच्या वायव्य टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठी वसलेल्या टुक्टोयाक्टुक या गावाच्या वाटेवर मात्र हा हिशेब लागू पडत नाही. तरीही दर उन्हाळ्यात डॉसन सिटीत आलेला एखादा एकटा प्रवासी नकाशावर उत्तरेकडे जाणारी एकमेव रेघ पाहतो आणि ठरलेला बेत मोडून तिच्या मागे लागतो.

ही रेघ म्हणजे डेम्पस्टर महामार्ग. डॉसनच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर तो सुरू होतो आणि इनुविक या गावी संपतो. लांबी साधारण ७४० किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गापेक्षा थोडी अधिकच. फरक इतकाच की हा रस्ता खडीचा आहे आणि पहिला पेट्रोल पंप ईगल प्लेन्स येथे ३६९ व्या किलोमीटरला लागतो. वाटेत मोबाइलला जवळजवळ कुठेच संपर्क नसतो. खडीतील शेलचे दगड सुरीसारखे टायर कापतात; म्हणून जाणकार चालक एक नव्हे, दोन स्टेपन्या बरोबर घेतात. भाड्याच्या गाडीने निघणाऱ्याने करारपत्र आधी वाचलेले बरे. अनेक कंपन्या अशा रस्त्यांवर गाडी नेऊच देत नाहीत.

या रस्त्याला डांबर नाही, त्यामागे कारण आहे. खालची जमीन वर्षभर गोठलेली असते. तिच्यावर थेट रस्ता केला तर उष्णतेने बर्फ वितळून जमीन खचते. म्हणून खडीचा जाड भराव घालून, जणू गोधडी पांघरून, ती थंड ठेवली जाते. १९५९ मध्ये सुरू झालेले हे काम १९७९ मध्ये पूर्ण झाले. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर आजही पूल नाहीत. उन्हाळ्यात गाड्या फेरीबोटीने पार होतात, हिवाळ्यात थेट गोठलेल्या पात्रावरून. बर्फ धरताना आणि फुटताना काही आठवडे दोन्ही मार्ग बंद असतात. या काळात पलीकडे अडकलेल्याला वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

रस्त्याच्या नावातच एक इशारा दडलेला आहे. डिसेंबर १९१० मध्ये फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे घोडदळ पोलिसांची एक तुकडी टपाल घेऊन कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर निघाली. प्रमुख होते निरीक्षक फ्रान्सिस फिट्झगेराल्ड. वेग राखण्यासाठी शिधा कमी घेतलेला. काही दिवस वाट दाखवणाऱ्या ग्विचिन आदिवासी वाटाड्याला त्यांनी १ जानेवारी १९११ ला परत पाठवले. पुढे ज्या ओढ्याच्या कडेने वळायचे तोच सापडेना. मागे फिरेपर्यंत शिधा संपला, कुत्री मारून खाण्याची वेळ आली आणि चौघेही फोर्ट मॅकफर्सनच्या अलीकडे मरण पावले. मार्चमध्ये शोधपथकाने त्यांचे मृतदेह शोधून काढले. त्या पथकाचा प्रमुख होता कॉर्पोरल डेम्पस्टर. चार अनुभवी माणसांना नडले ते केवळ हवामान नव्हे, वाटाड्याची गरज नाही ही खात्री नडली.

आजच्या प्रवाशासमोरचा धोका तितका भीषण नाही. उन्हाळ्यात दिवसाकाठी काही गाड्या भेटतात आणि थांबलेल्या गाडीची चौकशी करण्याची तिथे रीत आहे. पण पाऊस झाला की रस्ता साबणासारखा गुळगुळीत होतो, आणि दुसरी अडचण चक्क उजेडाची! आर्क्टिक वृत्त ४०५ व्या किलोमीटरजवळ ओलांडले जाते. त्यापलीकडे इनुविकला उन्हाळ्यात सुमारे ५६ दिवस सूर्य मावळत नाही. रात्रीचे दोन वाजले तरी ऊन असते. एकटा चालक थकला आहे, हे त्याला सांगायला ना अंधार, ना शेजारी कोणी.

इनुविकच्या पुढचे सुमारे १४० किलोमीटर नवे आहेत. १५ नोव्हेंबर २०१७ पूर्वी टुक्टोयाक्टुकला हिवाळ्यात गोठलेल्या नदी-समुद्रावरील बर्फाच्या रस्त्याने जात. उन्हाळ्यात विमान किंवा होडी. बारमाही रस्त्याचे भरावाचे काम मुख्यतः कडाक्याच्या थंडीतच केले गेले, जमिनीचा बर्फ दुखावू नये म्हणून. गावाजवळ सपाट माळावर शंकूसारख्या टेकड्या दिसतात. त्या पिंगो. आटलेल्या तळ्याखालचे पाणी गोठताना फुगते आणि जमीन वर ढकलते. त्यातला इब्युक पिंगो ४९ मीटर उंच आहे.

सुमारे ९०० वस्तीचे हे गाव इनुविआलुइट लोकांचे. प्रवासी पाण्यात पाय बुडवतात, फलकापाशी छायाचित्र काढतात. ते ज्या काठावर उभे असतात तो मात्र झिजतो आहे. समुद्रावर बर्फ कमी काळ टिकतो, लाटा गोठलेल्या किनाऱ्याला अधिक काळ धडकतात; कडेची काही घरे आत हलवावी लागली आहेत. गावात राहणाऱ्याला हा किनारा सहलीचे टोक नव्हे, अंगण आहे.

परतीला दुसरा रस्ता नाही. तीच खडी, त्याच दोन नद्या. म्हणून इनुविकला पोचताच पहिले काम टायरवाल्याकडे जाण्याचे.